विस्थापितांच्या वस्तीवर नोंदवही कशी चालवायची

तेलंगणातल्या मुलुगू आणि भद्राद्री कोत्तागुडेम या जिल्ह्यांत, ताडवाई, एटूरनागारम, वाजेडू, वेंकटापुरम, चर्ला, दुम्मुगुडेम या मंडलांच्या जंगलात छत्तीसगडहून आलेल्या मुरिया-कोयांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. जून २००५मध्ये बिजापूरकडे सलवा जुडूम, म्हणजे माओवाद्यांविरुद्धचं सरकारच्या पाठिंब्याचं सशस्त्र अभियान, सुरू झालं. ६४४ गावं रिकामी झाल्याचा आकडा नेहमी दिला जातो. काही लोकांना दोरनापाल, एर्राबोर, कोंटा इथल्या रस्त्याकडेच्या छावण्यांत आणून बसवलं, बाकीचे रात्रीतून जंगल तुडवत गोदावरीच्या खोऱ्यात उतरले. ५ जुलै २०११ला सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी पोरांना विशेष पोलीस म्हणून बंदुका देणं घटनाबाह्य ठरवलं. तरी पळून आलेले बहुतेक लोक गोदावरीच्या खोऱ्यातच राहिले. स्थानिक लोक त्यांना गुत्ती कोया म्हणतात.

मी मूळची सिरोंच्याची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि भामरागडकडच्या कामामुळे माडिया. गोदावरीवर पूल झाल्यापासून कालेश्वरम, भूपालपल्ली करत पलीकडे जाणं सोपं झालंय. आता गडचिरोली-चंद्रपूरची नवीन मुलं-मुली या वस्त्यांवर नोंदवही ठेवण्याच्या कामासाठी माझ्यासोबत येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, फॉर्म कुठाय?" फॉर्म आहे. पण तो शेवटी येतो.

एक गोष्ट आधी ठरवून घ्या. आपण सर्वेक्षण करत नाही, बातमी करत नाही, गुन्ह्याचा तपास तर नाहीच करत. त्याच वस्त्यांवर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा जायचं, लोकांच्या जिवाला, इज्जतीला आणि हक्काला कुठून धोका आहे ते पाहायचं, मागच्या वेळेपासून काय बदललं ते लिहायचं, आणि ज्याच्या हातात काही करणं आहे त्याच्यापर्यंत ते पोचवायचं. एकदाच जाऊन शंभर घरांची माहिती आणणाऱ्यापेक्षा दर महिन्याला दहा घरांशी बोलणाऱ्याची वही जास्त उपयोगाची.

निघण्याआधी

वस्तीपासून तीस किलोमीटरच्या आत कोण काय देतं, याचा कागद आधी तयार करा. प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, तिथे नर्सबाई कोणत्या वारी असतात, अंगणवाडी या वस्तीला धरते का, रेशन दुकानदार दुसऱ्या राज्याच्या कार्डावर खरंच धान्य देतो की नुसतं हो म्हणतो, एटूरनागारम किंवा भद्राचलमच्या आदिवासी विकास यंत्रणेत या लोकांचं ऐकणारा माणूस कोण, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोणाला भेटायचं, अत्याचार झालेल्या बायांना मदत करणारं सखी केंद्र किती लांब, बालकल्याण समिती कोणत्या दिवशी बसते. फोन करून खात्री करा. फलकावर लिहिलेली सेवा आणि चालू असलेली सेवा यांत फार फरक असतो.

हा कागद नसेल तर वस्तीवर जाऊ नका. ज्याचं पुढे काही करता येणार नाही ते विचारायचं नाही, हा माझा सगळ्यात कडक नियम. वीस वर्षांत या लोकांकडे पत्रकार आले, विद्यार्थी आले, संस्था आल्या. प्रत्येकाने घर कसं जळलं ते सांगायला लावलं. ऐकणारा निघून जातो आणि सांगणारी रात्रभर जागी राहते.

दुभाष्याची निवड जपून करा. माझी माडिया आणि त्यांची बोली अर्धीमुर्धी जुळते. हसून बोलणं होतं, पण नाजूक विषय त्या अर्ध्यावर चालत नाहीत. शेजारच्या गावातला स्थानिक कोया माणूस भाषेला सोयीचा असतो, मात्र त्या गावाचं आणि वस्तीचं जमिनीवरून वाकडं असेल तर त्याच्यासमोर कोणी तोंड उघडणार नाही. वन खात्याकडे रोजंदारीवर असलेला तर अजिबात नको. शाळेत जाणारी पोरं तेलुगू फडाफडा बोलतात आणि आपण नकळत त्यांनाच पुढे करतो; आईच्या मारहाणीची गोष्ट दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून वदवून घेणं हा अत्याचारच आहे. एक बाई आणि एक पुरुष, दोघं दुभाषे धरा. पैसे नियमाने द्या.

पोलिसांच्या किंवा वन खात्याच्या गाडीतून जाऊ नका, अगदी पाऊस असला आणि त्यांनी प्रेमाने बोलावलं तरी. लपूनछपूनही जाऊ नका. संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र जवळ असू द्या, आपण कोण आणि कशासाठी आलो ते विचारणाऱ्या प्रत्येकाला एकाच शब्दांत सांगा. बिजापूरच्या भाषेत ज्यांना अंदरवाले म्हणतात त्या माओवाद्यांसमोर आणि ठाणेदारासमोर उत्तर वेगळं झालं, तर भोगायला वस्ती आहे.

कधी जायचं

फेब्रुवारी ते एप्रिल मिरची तोडणीचा हंगाम. मुकादम पहाटे ट्रॅक्टर भरून माणसं नेतो, संध्याकाळी आणून सोडतो. या दिवसांत दुपारी वस्तीत म्हातारी माणसं आणि लहान पोरंच सापडतात. दार बंद दिसलं म्हणून परत फिरू नका. तान्ह्या पोराला कोण सांभाळतंय, आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत आहे की धाकट्याला कडेवर घेऊन बसलीय, हे याच वेळी दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. पावसाळ्यात ओढे भरले की कित्येक वस्त्यांचा रस्ता तुटतो. बाळंतपणं आणि मलेरिया तेव्हाच अडतात, म्हणून जूनच्या आधी एक फेरी झालीच पाहिजे.

आठवडी बाजार चुकवू नका. तिथे कोणी येतं आणि कोणी यायचं थांबलं, हे वस्तीतल्या कोणत्याही सभेपेक्षा लवकर कळतं. २०२५च्या एप्रिल-मेमध्ये तेलंगणा-छत्तीसगड सीमेवरच्या कर्रेगुट्टाच्या डोंगरात सुरक्षा दलांची मोठी मोहीम चालली, तो नेमका मोहफुलं आणि तेंदूचा काळ. अशा वेळी मी बंदुकांबद्दल काही विचारत नाही. यंदा पानं तोडायला कुठवर गेलात, एवढंच विचारते. मागच्या वर्षी ओढ्याच्या पलीकडे आणि यंदा अलीकडेच, असं उत्तर आलं की बाकीचं समजतं.

वस्तीत पोचल्यावर

वस्तीच्या पटेलाला, म्हणजे मुखियाला, भेटा, पाणी प्या, बसा. मग वस्तीभोवती एक फेरी मारा, वही पिशवीतच ठेवून. घरं मागच्या वेळेइतकीच आहेत का? नवे खांब, नवं कुंपण, मोडलेली भिंत? पाणी हातपंपाचं की ओढ्यातल्या झिऱ्याचं, आणि तिथे कोण जातंय? पोडू, म्हणजे जंगल साफ करून केलेली शेती थांबवायला वन खातं जमिनीच्या कडेने चर खणतं. तो चर नवा असेल तर पलीकडे जायची वाट कुठे राहिली ते चालून पाहा. गरोदर बाईला खाटेवर घालून त्यातून उतरवता येईल का, हा प्रश्न नकाशावर सुचत नाही.

कोण दिसत नाही, याकडे विशेष लक्ष द्या. अठरा ते तीसचे पुरुष सलग दोन फेऱ्यांना दिसले नाहीत तर ते कामाला गेलेत, लपलेत, की आत आहेत? लगेच विचारायचं नाही. "घरात आता कमावणारे किती?" इतकं पुरतं. सांगायचं असेल तर बाई स्वतःहून सांगते.

बोलण्याची सुरुवात आजपासून करा आणि मागे कमीत कमी जा. पाण्याला जाताना भीती वाटते का, कुठे? मजुरी किती ठरली होती, हातात किती आली? गेल्या महिन्यात वस्तीत बाहेरचं कोण आलं, काय म्हणालं? पोराला ताप आला तर कुठे नेता, तिथे काय उत्तर मिळतं? शेजारच्या गावाशी पाण्यावरून, गुरांवरून काही झालं का? शेवटचा प्रश्न कंटाळवाणा वाटेल, पण तो सोडू नका. नोव्हेंबर २०२२मध्ये चंद्रुगोंडा भागात एका वनाधिकाऱ्याचा खून झाला. आरोपी या समाजातले होते, आणि त्यानंतर तिथल्या पंचायतीने गुत्ती कोयांना गावाबाहेर काढण्याचा ठरावच केला. दोघांच्या गुन्ह्याची शिक्षा सगळ्या वस्तीला. शेजारच्या गावाचा सूर बदलायला लागतो तेव्हाच तो नोंदवला, तर सरपंच किंवा आदिवासी विकास यंत्रणेचे अधिकारी मध्ये पडू शकतात. ठराव झाल्यावर सगळं कोर्टात जातं.

काय विचारायचं नाही तेही ऐका. तुम्ही जुडूमच्या बाजूचे होता की दादांच्या (माओवाद्यांच्या)? घरातलं कोणी अंदर आहे का? कोणी मारलं? या उत्तरांवाचून आपलं काहीही अडत नाही, आणि ती वहीत सापडली तर माणूस मरू शकतो.

संमती तोंडी घ्या. अंगठा मागू नका. कोऱ्या कागदावर अंगठे दिलेली माणसं आहेत ही, शाईची डबी पाहिली की उठून जातात. काय लिहिणार, कोण वाचणार, काय होऊ शकेल आणि काय होणार नाही, हे सांगा. "यातून जमिनीचा पट्टा मिळेल का?" हा प्रश्न येतोच. नाही म्हणा, स्पष्ट. "प्रयत्न करू" या आपल्या लाडक्या शब्दांनी तिथे फार नुकसान केलंय.

बायांशी बोलताना

बायांची बैठक वेगळी घ्या, आणि शक्यतो बैठक म्हणूही नका. मोहफुलं वाळत घालताना, पाण्यावर, चुलीपाशी. मी सोबत सुई-दोरा नेते. हाताला काम असलं की डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागत नाही.

बलात्कार झाला का, मारतो का, असं कोणालाही थेट विचारायचं नाही. "इथल्या बायांना कुठली वाट नकोशी वाटते?" "मिरचीच्या शेतावर राहायला लागतं तेव्हा झोपायची जागा कशी असते, दाराला कडी असते का?" असं सगळ्यांबद्दल विचारा. कोणी एकटीने नंतर येऊन काही सांगितलं तर ऐका, तपशील खोदू नका, आणि पुढचे रस्ते तिच्यासमोर ठेवा: दवाखाना, सखी केंद्र, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक, वकील. यांतला एकही नको म्हणाली तर तो तिचा निर्णय आहे.

पण अठराच्या खालच्या मुलीबाबत हे इतकं सरळ राहत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावरचा लैंगिक गुन्हा ज्याला कळला त्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे मुलीने तोंड उघडलं की तुमचे हात बांधले गेले. म्हणून मुलींशी बोलायला बसण्याआधीच हे सांगायला हवं: काही गोष्टी तू सांगितल्यास तर मला पुढे सांगाव्याच लागतील. काही मुली हे ऐकून गप्प होतात, आणि आमच्यातले काहीजण म्हणतात की यामुळे माहितीच मिळत नाही. नाही मिळाली तर नाही मिळाली. विश्वासाने बोलवून घेऊन मग दारात पोलिसांची गाडी उभी करणं मला मान्य नाही. सोळाव्या वर्षी आपल्या मर्जीने घरोबा केलेल्या मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे. तिथे एकट्याने निर्णय घेऊ नका, आधी नाव न सांगता विधी सेवेच्या वकिलाशी बोला.

कागदपत्रं

या वस्त्यांवरचा सगळ्यात चिवट धोका बंदुकीचा नसतो, कागदाचा असतो. प्रत्येक घरामागे आधार, रेशन, मतदार ओळखपत्र, जन्म दाखला आणि जात दाखला असे पाच रकाने करा आणि "आहे" की "नाही" एवढ्यावर थांबू नका. अर्ज केला होता का, कोणी अडवला, काय कारण दिलं, हे लिहा. मतदार ओळखपत्र आहे पण जात दाखला नाही, अशी घरं भरपूर भेटतील. मत चालतं, माणूस चालत नाही.

कारण असं की जमातीचा दर्जा राज्याची सीमा ओलांडून सोबत येत नाही. आणि तो नसेल तर वनहक्क कायद्यात हे लोक "इतर पारंपरिक वननिवासी" ठरतात, ज्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. २००५ला आलेला माणूस तो कुठून आणणार? शिवाय जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५च्या आधीचा हवा, ही कायद्याची सीमारेषा. त्यामुळे पोडू जमीन कायम बेकायदा, आणि जेसीबी कधीही येऊ शकतो. २०१७मध्ये ताडवाईच्या जंगलातल्या वस्तीवर तो आलाही.

जिल्हेही हलले आहेत. २००५मध्ये जे खम्मम होतं, त्याचा तुकडा २०१६मध्ये भद्राद्री कोत्तागुडेम झाला. चिंतूर, कुनावरमसारखी मंडलं २०१४मध्ये आंध्रात गेली आणि २०२२मध्ये अल्लूरी सीताराम राजू जिल्ह्यात टाकली गेली. माणूस जागचा हलला नाही, कार्यालय मात्र हललं. जुना कागद पाहताना त्यावरचा जिल्हा आणि आजचा जिल्हा दोन्ही लिहा, नाहीतर अर्ज चुकीच्या टेबलावर वर्षभर पडून राहतो.

शाळेच्या बाबतीत ताबडतोब करता येण्यासारखं काम असतं. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४मध्ये आहे. त्या कलमाची तेलुगू प्रत पिशवीत ठेवा. मुख्याध्यापकाशी भांडू नका, प्रत पुढे ठेवा. बहुतेकांना वरच्या साहेबाला दाखवायला एक कागद हवा असतो.

वही

दोन वह्या ठेवा. पहिली रोजची: त्यात नाव नाही, वस्तीचं नाव नाही, फक्त खुणेचं अक्षर आणि महिना. दुसरी यादी, खूण आणि खरं नाव यांची. ती कार्यालयात कुलपात, कधीच प्रवासात नाही. ज्यांना छत्तीसगडमधल्या मूळ जमिनीवर दावा करायचा आहे त्यांचं मूळ गाव, साल, जमीन यांची नोंद लागतेच. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(एम)मध्ये बेकायदा हुसकावलेल्यांना मूळ जागी किंवा पर्यायी जमिनीवर पुनर्वसनाचा हक्क आहे. पण ते वकिलाचं काम, वेगळ्या संमतीने, वेगळ्या फायलीत.

रोजची वही अशी लिहा की नाक्यावर कोणीही मोठ्याने वाचली तरी कोणाच्या घरी जाता येऊ नये. चेहऱ्याचे फोटो नकोत. घराचा, चराचा फोटो काढलात तर आधी फोनचं लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपच्या गटात वस्तीबद्दल काहीही टाकायचं नाही, "पोचले" सुद्धा नाही. तो फोन आपल्या घरच्यांना करा.

प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर: "पा" म्हणजे मी पाहिलं, "भो" म्हणजे भोगणाऱ्याने सांगितलं, "ऐ" म्हणजे ऐकीव. "सोमवारी घरं पाडणार आहेत" ही ऐकीव बातमी दर पंधरा दिवसांनी येते. तिच्यावर ओरड केली तर तिसऱ्यांदा कोणी ऐकत नाही, आणि सोडून दिली तर एखाद्या सोमवारी खरी निघते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन जागी विचारा: बाजारातला दुकानदार, अंगणवाडी सेविका, पंचायतीचा शिपाई. नोटीस चिकटवली आहे का पाहा. तारीख आणि सही टिपा. मग वकिलाला कळवा.

महिनाअखेर वही उघडून मागच्या तीन महिन्यांशेजारी ठेवा आणि तीन गोष्टी शोधा: धोका कुठून येतोय, तो कोणाला जास्त लागतोय, आणि लोक स्वतः काय करून तो टाळतायत. तिसरी गोष्ट नवशिके हमखास विसरतात. बाया पाण्याला गटाने जायला लागल्या असतील तर ती त्यांची युक्ती आहे. आपल्या सूचनेने हातपंप भलत्या टोकाला बसला तर ती मोडेल.

एका माणसाची अडचण आणि वस्तीची दिशा वेगवेगळ्या वाटेने पाठवा. आजारी मूल आजच दवाखान्यात. अहवालाची वाट पाहायची नाही. "मुकादम ठरलेल्यापेक्षा कमी देतायत, तीन वस्त्यांवर तेच" हे कामगार खात्याकडे, कोणाचं नाव न घालता. आणि पुढच्या फेरीत वस्तीवर जाऊन सांगा: तुम्ही हे सांगितलं होतं, ते इथे दिलं, उत्तर आलं किंवा नाही आलं.

परतीच्या गोष्टी सुरू झाल्या की

आता बस्तरमध्ये रस्ते झाले, सुरक्षा दलांच्या छावण्या झाल्या, परत चला, असं बोलणं अधूनमधून जोर धरतं. आपण परत जा असंही म्हणायचं नाही आणि राहा असंही नाही. भारतात देशांतर्गत विस्थापितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. पण संयुक्त राष्ट्रांची १९९८ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्यातलं २८वं तत्त्व परत जाणं मर्जीने, सुरक्षित आणि सन्मानाने व्हावं असं सांगतं. वहीत त्याचे साधे प्रश्न होतात. वस्तीतलं कोणी आधी जाऊन गाव पाहून आलं का? त्यात बाई होती का? जमीन आता कोण कसतंय? गावात शाळा, पाणी, नर्स आहे का? जाण्याचं कोण बोलतंय, आणि नाही गेलो तर काय होईल असं सांगितलं गेलंय? इथली घरं पाडल्यावर लगेच परतीचा अर्ज भरून घेतला असेल, तर दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहा. वेगळी टिप्पणी लागत नाही.

गेलेल्या घरांशी सहा महिने तरी संपर्क ठेवा. काहीजण पावसाळ्याआधीच परत येतील, आणि आल्यावर त्यांचं इथलं रेशन तुटलेलं असेल. त्या घरांना पुन्हा पाच रकान्यांपासून सुरुवात करून द्या, आणि खुणेचं अक्षर जुनंच ठेवा.